वाटाड्याचा शब्द

वर्ध्याहून आमच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. घर मोठे आहे. सासूबाई, दोन दीर, दोन जावा आणि सर्वांची मिळून सात मुले. त्यांतील थोरल्या चौघांनी येत्या उन्हाळ्यात हिमालयातील एखादी उंच व फारसे कोणी न जाणारी खिंड पायी ओलांडावयाची, असा हट्ट धरला आहे. पैसे भरले की वाटाड्या, तंबू, स्वयंपाकी सर्व मिळते, मग भीती कसली, असे मुलांचे म्हणणे, आणि "परका मुलूख, परका माणूस, पोरे त्याच्या हवाली कशी करायची?" असा सासूबाईंचा प्रश्न. भगिनी दोहोंच्या मध्ये सापडल्या आहेत व त्यांनी आमचा अभिप्राय मागितला आहे.

सासूबाईंच्या प्रश्नातील 'हवाली' हा शब्द आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. मुले समजतात की वाटाड्या हा तंबू, दोर, झोपण्याची पिशवी यांच्या यादीतील एक जिन्नस आहे. पैसे मोजले की तो आपला झाला. वस्तुस्थिती उलट आहे. पैसे मोजून आपण त्याचे झालेले असतो. आडवाटेच्या डोंगरात पाऊल टाकल्यापासून कोठे थांबावयाचे, कोठे बसावयाचे व कोठून परतावयाचे हे त्याने सांगावे आणि आपण ऐकावे, हाच तो व्यवहार. ज्या मुलास असे ऐकणे जमते त्यास खुशाल पाठवावे. ज्यास जमत नाही त्याने तूर्त हिमालयाची छायाचित्रे पाहून समाधान मानावे. आणि जमते की नाही, हे पाहण्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याचे कारण नाही. वर्ध्याहून निघून अर्ध्या दिवसाच्या आत गोंदियास पोहोचता येते, आणि गोंदियाच्या पुढे दरेकसा आहे.

हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदियानंतर आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा अशी स्थानके लागतात. त्यापुढे गाडी बोगद्यात शिरते, आणि बोरतलाव, पानियाजोब करीत छत्तीसगडातील डोंगरगडास जाते. नागपूर-छत्तीसगड हा लोहमार्ग 1880 नंतरच्या दशकात पडला व 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो पुढे हाती घेतला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे लक्षावधी प्रवाशांनी खिडकीतून हे डोंगर पाहिले आहेत. परंतु बहुतेक वेगवान गाड्या येथे थांबत नाहीत, आणि प्रवासीही उतरत नाहीत. आमच्या लहानपणी हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. शिवाय नक्षल चळवळीच्या काळात तिच्या एका दलमास ह्याच गावाचे नाव पडले होते, त्यामुळे वडीलधारी मंडळी ह्या भागाचे नाव काढले तरी मान हलवीत. ह्या सर्वांचा परिणाम असा की सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवर रविवारी पाय ठेवावयास जागा नसते, तर येथे सबंध सकाळ चालून एखादी मोळीवाली तेवढी भेटते.

डोंगर उंच आहेत असे मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरांचे. दरेकशाचे डोंगर त्याच्या कितीतरी खाली राहतात. परंतु डोंगराची कठीणता नुसत्या उंचीवर मोजण्याची चाल आम्हांस मान्य नाही. सह्याद्रीत उघडा कातळ व सरळ कडा असतो. वाट चुकली तरी खालचे गाव दिसते. येथे साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू आणि बांबू यांचे रान असे माजलेले की दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. गुरांच्या वाटा, मोह वेचणाऱ्यांच्या वाटा आणि नाल्याने पावसाळ्यात कोरलेल्या वाटा सर्व एकसारख्याच. त्यांतील माणसाची वाट कोणती हे नवख्यास ओळखता येत नाही. मोबाइलमधील नकाशा हिरवा रंग दाखवितो आणि गप्प बसतो.

स्थानकाजवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात व त्यानंतर दिवाळीपर्यंत तो पाहण्यासारखा असतो. तेथील व्यवस्था नवाटोल्याच्या ग्रामस्थांची वनसमिती पाहते, आणि गावातील तरुण पोरे पाहुण्यांवर नजर ठेवून असतात. पाण्यात कोठवर उतरावे हे ती सांगतात ते निमूटपणे ऐकावे. धबधब्याखालचा डोह वरून शांत दिसतो आणि शेवाळलेला खडक कोरडा वाटतो. पण आम्ही मुलांस पाठवू म्हणतो ते धबधब्याशी नव्हे, तर धनेगावावरून कचारगडास.

कचारगडची गुहा ही गोंड बांधवांची काशी म्हणावी अशी जागा आहे. माघी पौर्णिमेस येथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इतक्या दूरवरून लोक येतात, पायथ्याच्या धनेगावात उतरतात आणि "जय सेवा" म्हणत डोंगर चढतात. परंपरा अशी सांगते की, गोंडांच्या पूर्वजांची तेहतीस मुले ह्या गुहेत कोंडली गेली होती व तोंडाशी प्रचंड शिळा लावलेली होती. त्यांच्या आईने, कली कंकालीने, फार आक्रोश केला. तेव्हा पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि किंगरी वाजविणारा हिरासुका पाटालीर यांनी त्यांस सोडविण्याचा यत्न केला. हिरासुकाच्या गाण्याने आतल्या मुलांच्या अंगी बळ आले, शिळा हलली, मुले मोकळी झाली; परंतु शिळा गडगडली ती हिरासुकाच्याच अंगावर. पुढे लिंगोने त्या मुलांस शिकवून समाजाची घडी घातली. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (1949-2015) यांनी गोंडी भाषा व धर्म यांच्या अभ्यासात आयुष्य वेचले आणि ह्या परंपरेची सविस्तर मांडणी केली. हल्लीच्या यात्रेस जे व्यापक रूप आले आहे, त्यात त्यांच्या पिढीच्या खटपटीचा मोठा भाग आहे.

लिंगोचे गीत कागदावर उतरले ते मात्र त्याच्या कितीतरी आधी, आणि तेही नागपुरातच. ज्यांचे नाव पुढे तेथील महाविद्यालयास दिले गेले, त्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधान गायकाकडून ते ऐकून लिहून घेतले. हिस्लॉप यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापून प्रसिद्ध केले. पण ते पाहण्यास हिस्लॉप हयात नव्हते. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटजवळ मंडळींपासून अलग होऊन घोड्यावरून एकटेच जात असता फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. घोडा रिकामा परत आला, तेव्हा मंडळींस कळले. वाट दाखविणाऱ्या लिंगोचे गीत ज्याने जतन केले, त्याच्याबरोबर त्या संध्याकाळी उतार ठाऊक असलेला एक गावकरी असता तर, असे आमच्या मनात नेहमी येते.

ह्या गुहेस आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा म्हणण्याची एक प्रथा पडली आहे. आम्हांस त्या विशेषणाची गरज वाटत नाही. ज्या जागेसाठी एक वृद्धा तेलंगणातून दोन दिवसांचा प्रवास करून अनवाणी चढते, ती मोजपट्टीने मोठी ठरते की धाकटी, याने काय बिघडते?

आम्ही घरची मंडळी पौष महिन्यात तेथे गेलो होतो. आमच्यासह तिघे मोठे आणि दोन पुतणे, एक पुतणी व एक भाची. धनेगावातील एक गृहस्थ वाटाड्या म्हणून बरोबर आले. पन्नाशीचे, अंगाने काटक, धानाची थोडी शेती असलेले. मजुरी आधी ठरविली. मुलांस आम्ही सांगितले होते की त्यांस 'दादा' म्हणावयाचे आणि 'अहो' करावयाचे. घरी काकांस करता तसे. वाटेत दादांनी फारसे काही सांगितले नाही. विचारले तर झाडाचे नाव सांगावे, नाहीतर नुसते हाताने दाखवावे. एका ठिकाणी त्यांनी थांबून मुलींच्या केसांचा वास घेतल्यासारखे केले व हसून विचारले, "तेल लावलं का जी, वासाचं?" लावलेले होते. दादांनी त्यांस रुमाल बांधावयास लावले. कड्याला आग्या मोहोळ असले तर वास आणि धूर दोन्ही त्या माश्यांस खपत नाहीत, हे मग कळले.

गुहेपाशी पोहोचल्यावर त्यांनी जोडे बाहेर काढावयास सांगितले, आणि आत मोठ्याने बोलू नका म्हणाले. आमच्या मोठ्या पुतण्यास आवाजाचा प्रतिध्वनी ऐकावयाचा होता. त्याने तोंड उघडले, दादांकडे पाहिले आणि मिटले. त्याच्या चुलतीने हे पाहिले आणि आम्हांसही खुणावले. सबंध सहलीत तिला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, असे ती अजून सांगते.

खरा प्रसंग त्यानंतरचा. मुलांचा बेत होता की आल्या वाटेने न उतरता वरच्या अंगाने डोंगर ओलांडून पलीकडे उतरावे. सकाळी दादांनी "पाहू" एवढेच म्हटले होते. गुहेतून निघेतो अडीच वाजून गेले होते. दादांनी उन्हाकडे पाहिले आणि म्हणाले, "आता वापस जा लागते." मुलांनी मोबाइल काढून अंतर दाखविले; सरळ रेषेत ते काहीच नव्हते. अजून तीन तास उजेड आहे, आम्ही भराभर चालू, सामान कमी आहे, अशी एकावर एक कारणे निघाली. दादांनी एकाचेही उत्तर दिले नाही. ते खाली एका दगडावर बसले आणि चिलीम काढावी तसा खिशातून तंबाखू काढून मळू लागले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मुले बोलून बोलून थकली. मग ते उठले आणि आल्या वाटेने उतरू लागले, व आम्ही सर्व त्यांच्यामागे.

उतरताना डोंगराची सावली घळीत लवकर पडते, हे मुलांच्या हिशेबात नव्हते. आकाशात उजेड होता पण वाटेवर पाने आणि दगड एक दिसत होते. एका वारुळाशी ताजी उकर होती. अस्वल वाळवीसाठी असे उकरते. दादांनी ती काठीने दाखविली, थांबले नाहीत.

गावात आल्यावर धाकट्या पुतण्याने आमच्या कानाशी लागून विचारले की, डोंगर तर ओलांडला नाही, मग मजुरी सगळी द्यावयाची की अर्धी? प्रश्न त्याने प्रामाणिकपणे विचारला होता, म्हणून आम्ही रागावलो नाही. सगळी दिली, आणि त्याच्याच हाताने देवविली. पोहोचवून देण्यासाठी टांगेवाला असतो. वाटाड्यास आपण देतो ते परत आणण्याचे.

ह्याच मुद्द्यावर युरोपात एकदा मोठे प्रकरण झाले होते, ते मुलांस सांगण्यासारखे आहे. ऑगस्ट 1820 मध्ये डॉ. हामेल नावाचा रशियाच्या दरबारचा एक शास्त्रज्ञ शामोनी गावचे वाटाडे घेऊन मों ब्लां शिखर चढावयास निघाला. हवा बिघडली, वाटेत रात्र काढावी लागली. वाटाड्यांचे मन परतण्याकडे होते, परंतु साहेबांचे मन पुढे जाण्याकडे, आणि पैसे साहेबांचे. शेवटी मंडळी चढली. वरच्या उतारावर बर्फ सुटले व तीन वाटाडे हिमनदीच्या भेगेत गडप झाले, हामेल वाचला. पुढच्याच वर्षी, 1821 मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संस्था स्थापन केली आणि कोणी, कोणाबरोबर व कोणत्या अटींवर जावयाचे याचे नियम बांधले. ती संस्था आजही चालू आहे. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने 1861 पासून, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, खाली तोंडाशी आणून टाकण्यास प्रारंभ केला. शामोनीत तेव्हा हामेलबरोबर गेलेले म्हातारे वाटाडे अजून जिवंत होते.

हिमालयात तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण तेथे विरळ हवा माणसाच्या पायांआधी त्याच्या बुद्धीवर काम करते. सुमारे 2500 मीटरांच्या वर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे सुरू होऊ शकते. 3000 मीटरांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा 500 मीटरांहून अधिक उंच नसावा व मधून मधून एक दिवस विसावा घ्यावा, असा जाणत्यांचा नियम आहे. दुखणे वाढून पाणी फुप्फुसात किंवा मेंदूत साचू लागले तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय. औषध आणि प्राणवायू हे उतरेपर्यंतचे टेकू. आणि ज्यास हे होते तो मात्र "मला काही झालेले नाही" असेच म्हणत राहतो, कारण त्याची समजच मंदावलेली असते. अशा वेळी वाटाड्याने म्हटले "खाली", तर खाली. तेथे मुलाचा उत्साह, त्याने भरलेले पैसे, पुन्हा रजा मिळणार नाही ही अडचण, ह्यांपैकी कशासही किंमत नाही. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी मे 2012 मध्ये एव्हरेस्टवर पाय ठेवला तेव्हा वर्षानुवर्षे सह्याद्री आणि हिमालय पायाखाली घातलेली ती माणसे होती. तरी शेर्पा त्यांच्याबरोबर होतेच. आमची मुले त्यांच्यापेक्षा शहाणी असण्याचे कारण नाही.

आता एक घरगुती गोष्ट, जी थोडी अप्रिय वाटेल. आपल्या घरांतून मुलांस वडिलांची, शिक्षकांची, डॉक्टरांची आज्ञा ऐकण्याची सवय असते. परंतु अंगठा करणाऱ्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेल्या माणसाची आज्ञा ऐकण्याची सवय आपण त्यांस लाविलेली नसते. उलट अशा माणसास 'ए' म्हणून हाक मारणे, त्याचे पाणी वेगळे ठेवणे, तो बोलत असता मध्येच तोडणे, हे पिढ्यान् पिढ्या मुलांच्या डोळ्यांसमोर झाले. पाणी वेगळे ठेवणे आता बहुतेक घरांतून गेले. बोलणे तोडणे गेले नाही. ज्या माणसास खालच्या रस्त्यावर 'ए' म्हटले, त्याने वरच्या कड्याशी "नाही" म्हटल्यास ते मुलास आज्ञा वाटणार नाही, अडवणूक वाटेल. म्हणून जेवण उघडाल तेव्हा पहिली दशमी वाटाड्यास द्यावी, त्याच्या घरचे पाणी दिले तर प्यावे, आणि बसताना त्यास वेगळ्या झाडाखाली बसवू नये. हे उपकार नव्हेत. कचारगडावर तर तो यजमान आहे व आपण त्याच्या देवस्थानी आलेले पाहुणे.

तेव्हा वर्ध्याच्या भगिनींनी असे करावे. दिवाळी झाली की चौघांस दरेकशास न्यावे. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. माघी पौर्णिमेच्या आगेमागे जावयाचे तर ती यात्रा आहे हे ध्यानात ठेवून भाविकांच्या मागे चालावे, छायाचित्रे विचारून घ्यावी. चैत्रात मोह गळतो तेव्हा त्या फुलांसाठी अस्वले पहाटे व सांजवेळी झाडांखाली येतात, आणि पावसाळ्यात नाल्यांचा भरवसा नसतो. हे दोन्ही काळ नवख्यांनी टाळावे. धनेगावात शिरून आधी कोणाही म्हाताऱ्या माणसास विचारावे की, वाट दाखविण्यास कोण येईल; गाव माणूस देते. मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी व त्यात घासाघीस करू नये. प्रत्येकास दोन लिटर पाणी, दशम्या, तिळाचे लाडू, टाचेस घट्ट बसणारे जोडे, एक विजेरी आणि अंगभर कपडे. वासाचे तेल नको. प्लास्टिकचा कपटाही परत आणावा. परतण्याची वेळ वाटाड्याने सांगावी, मुलांनी नव्हे. आणि त्याने ती सांगितल्यावर चौघांपैकी कोण किती वेळ हुज्जत घालतो, हे भगिनींनी काही न बोलता पाहावे. हिमालयाचे पैसे कोणाकोणाचे भरावयाचे, ते तेथेच ठरेल.

सासूबाईंसही बरोबर न्यावे. धनेगावापर्यंत वाहन जाते. मुले डोंगरात असतील तेवढा वेळ त्या गावातल्या एखाद्या ओटीवर बसतील, आणि आपली पोरे ज्याच्या हवाली केली त्याचे घर, त्याची लेकरे त्यांच्या डोळ्यांस दिसतील.